संसाराच्या गलबल्यातील सामायिक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नेसरी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, दात्यांचे ऋण मान्य करावे, दिवंगत विश्वस्तांचे स्मरण करावे, ही रीत उचितच आहे. ते कार्य अन्य वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. या व्याख्यानासाठी विषय निवडला आहे तो मात्र मंदिराच्या पायरीच्या अलीकडचा, म्हणजे घराचा. पन्नास वर्षांत या मंदिरात जी माणसे आली ती घरातूनच आली आणि दर्शन घेऊन पुन्हा घरीच गेली. चोवीस तासांतला मंदिरातला वेळ तासाभराचा; उरलेले तेवीस तास संसाराचे. त्या तेवीस तासांत धर्म कोठे असतो, हा प्रश्न पन्नाशीच्या निमित्ताने विचारावयास हरकत नसावी.

नेसरी हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ च्या रणामुळे. सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती येथील खिंडीत शत्रूच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. त्या सात वीरांपुढे मस्तक आजही आपोआप नमते. पण त्याच गावात आणखी एक प्रकारचे धैर्य आहे. त्याला स्मारक नाही. ते रोज पहाटे साडेपाचला चूल पेटवते आणि रात्री साडेदहाला दाराची कडी लावते. वर्षातले तीनशे पासष्ट दिवस.

पर्युषणातील एखाद्या सकाळचे घर डोळ्यांपुढे आणावे. बाहेर पाऊस. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत. आजोबा सामायिकात बसलेले, हाती माळ, पुढे घड्याळ. आजींचा उपवास, थोरल्या सुनेचे एकासणे, धाकटीचे आयंबील, मुलांना शाळेचा डबा हवा, आणि दुकानात जाणाऱ्याला 'मला काही नको' असे म्हणत म्हणत दोन पोळ्या हव्याच असतात. एका स्वयंपाकघरात पाच प्रकारची व्यवस्था. पाणी गाळायचे, उकळायचे, निववायचे. तेवढ्यात कुकरची शिट्टी, शाळेच्या रिक्षाचा हॉर्न, दुकानाच्या किल्ल्या सापडत नाहीत म्हणून आरडाओरड, आणि एखादे पोर नेमके आजोबांच्या कटासण्यावर येऊन भोकाड पसरते. आजोबा डोळे उघडत नाहीत. पण कपाळावर आठी उमटते.

ती आठी हाच आजचा विषय आहे.

सामायिक म्हणजे दोन घटिका, अर्थात अठ्ठेचाळीस मिनिटे, समभावात राहण्याचा अभ्यास. त्याचे बत्तीस दोष सांगितले आहेत: मनाचे दहा, वचनाचे दहा आणि कायेचे बारा. आजोबांनी वचनाचा दोष टाळला, कायेचाही टाळला. मनाच्या खात्यावर मात्र काहीतरी नावे पडले. आणि सामायिक पाळून उठल्यावर ते जे वाक्य बोलतात ते तर घराघरांतून ऐकू येते: "या घरात दोन घटिका शांतता मिळत नाही, धर्म करायचा तरी कसा?"

या वाक्यात एक समजूत दडलेली आहे. घराचा गलबला हा धर्माचा शत्रू आहे आणि जेथे गलबला नाही तेथेच धर्म आहे, ही ती समजूत. ती मनात घेऊन कोणी मंदिरात जास्त वेळ बसतो, कोणी यात्रेच्या बसमध्ये जागा धरतो, कोणी मुलांना वेगळे राहावयास सांगतो. यात्रा उत्तम, मंदिर तर उत्तमच. तथापि शास्त्रांनी श्रावकाचा विचार असा केलेला दिसत नाही.

भगवंतांनी संघ स्थापिला तो चतुर्विध: साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. चारांपैकी दोन अंगे घरातच राहणारी. श्रावकाची बारा व्रते पाहिली तर त्यांतील बहुतेकांना संसाराशिवाय अर्थच उरत नाही. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापे आणि खोटी वजने यांचा समावेश आहे. म्हणजे ते व्रत पाळावयास हाती तराजू किंवा कापडाचा गज असावा लागतो. परिग्रहाचे परिमाण करावयास मुळात परिग्रह असावा लागतो. अतिथिसंविभाग व्रताला चूल पेटलेली असावी लागते, आणि ती कोणीतरी पेटवावी लागते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात तर निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे की मोहग्रस्त मुनीपेक्षा निर्मोही गृहस्थ श्रेष्ठ. त्याच ग्रंथात सामायिकातील गृहस्थाला त्यांनी दिलेली उपमा मोठी हृद्य आहे. ध्यानस्थ मुनीच्या अंगावर कोणी वस्त्र टाकून गेले तर तो जसा दिसेल, तसा सामायिकात बसलेला गृहस्थ. म्हणजे वस्त्र आहे, घर आहे, व्यापार आहे. आत मात्र मुनी. आयुष्यभर कापडाचे ठाण मोजणाऱ्या मंडळींना या उपमेत विशेष गोडी वाटावी.

श्वेतांबर आगमांतील सातवे अंग म्हणजे उपासकदशांग. दहा श्रावकांच्या दहा कथा. त्यात राजे नाहीत, घरदार असलेली माणसे आहेत. पहिला वाणिज्यग्रामचा आनंद. चार कोटी सुवर्णमुद्रा भांडारात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरखर्चाच्या पसाऱ्यात. दहा-दहा हजार गायींचे चार कळप. पाचशे नांगर, पाचशे गाड्या. त्याने भगवान महावीरांपुढे मर्यादा घेतली तेव्हा दातवणापासून जेवणातील भाताच्या प्रकारापर्यंत एकेक गोष्ट मोजून सांगितली. वस्त्रांच्या बाबतीत त्याने क्षौम वस्त्रांची एक जोडी ठेवली. एवढा धनाढ्य, आणि एक जोडी! समाजातील विवाहाच्या बस्त्याची यादी हाती घेऊन हा प्रसंग कधी वाचावा.

पण आनंदाच्या कथेतील महत्त्वाचा भाग दोन ठिकाणी आहे आणि तो प्रवचनांतून काहीसा झपाट्याने उरकला जातो. व्रते घेऊन तो घरी आला आणि त्याने पत्नी शिवानंदेला सांगितले की तूही जा, भगवंतांना वंदन कर आणि व्रते घे. ती गेली आणि तिनेही बारा व्रते घेतली. आपल्या व्रतांचा बोजा पत्नीवर टाकून तो मोकळा झाला नाही. आणि शेवटी, वृद्धावस्थेत आनंदाला अवधिज्ञान झाले तेव्हा प्रत्यक्ष गौतमस्वामींना वाटले की गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होणे शक्य नाही. भगवंतांनी निर्णय दिला तो आनंदाच्या बाजूने, आणि प्रथम गणधर गौतमस्वामी एका गृहस्थाकडे क्षमा मागण्यासाठी गेले. घरात राहणाऱ्याचा यापेक्षा मोठा सन्मान कोणत्याही धर्माच्या ग्रंथात शोधून सापडणे कठीण आहे.

त्याच ग्रंथातील आठवी कथा राजगृहाच्या महाशतकाची. त्याची पत्नी रेवती दुराचारी, मद्यमांसात बुडालेली. महाशतक अंतिम आराधनेत असताना ती मद्याच्या धुंदीत तेथे आली आणि त्याला पुन्हा पुन्हा त्रास देऊ लागली. अखेर महाशतक संतापला. आपल्या अवधिज्ञानाने पाहून त्याने तिला सुनावले की सात दिवसांत तू रोगाने मरशील आणि नरकात जाशील. ते सर्व खरे होते, आणि तसेच घडले. तरीही भगवंतांनी गौतमस्वामींना पाठवून महाशतकाला कळविले की आराधनेत असलेल्या श्रावकाने असे बोलणे योग्य नव्हे. बोललेले सत्य असले तरी ते अनिष्ट आणि अप्रिय होते, त्याचे प्रायश्चित्त घ्यावे. महाशतकाने ते घेतले.

या कथेत अपराध कोणाचा, हे उघड आहे. रेवतीच्या वर्तनाचे समर्थन कोणी करणार नाही. तरीसुद्धा प्रायश्चित्त आले ते धर्मात बसलेल्याच्या वाट्याला. सामायिकातून उठल्या उठल्या सुनेला, नातवाला, धाकट्या भावाला ऐकविलेली खरी पण झोंबरी वाक्ये ज्यांना आठवतील, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता पुणिया श्रावकाकडे वळू. ही कथा लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली आहे. कापसाचे पेळू वळून विकणारा हा गरीब श्रावक. श्रेणिक महाराज त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घ्यावयास गेले आणि त्यांना कळले की मगधाचे सारे वैभव दिले तरी ते त्या सामायिकाच्या दलालीलाही पुरणार नाही. व्यापारी समाजाला ही दलाली फार आवडते आणि कथा बहुधा येथेच थांबते. तिचे आधीचे दोन धागे अधिक मोलाचे आहेत.

पहिला असा. पुणियाची रोजची मिळकत दोन माणसांच्या पोटापुरतीच. परंतु रोज एका सधर्मी बांधवाला जेवू घालण्याचा त्यांचा नियम. तेव्हा एक दिवस पुणिया उपवास करी आणि दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी. दुसरा धागा असा. एके दिवशी सामायिकात त्याचे चित्त लागेना. त्याने पत्नीला विचारले, आज घरात काही वेगळे घडले का? ती आठवून म्हणाली, वाटेत पडलेली शेणी उचलून आणली आणि चुलीत घातली, एवढेच. दुसऱ्याची वस्तू, न विचारता घेतलेली. कारण सापडले.

पुणियाने कपाळाला आठी घातली नाही. घर सामायिकाच्या आड आले असे तो म्हणाला नाही. त्याने चित्ताचा हिशेब घराच्या हिशेबाशी ताडून पाहिला, कारण त्या घरात दोन वेगळ्या वह्या नव्हत्या. आणि ज्या पत्नीने दर दिवसाआड उपाशी राहून त्याचा नियम चालविला, तिचे नाव कथेत सहसा घेतले जात नाही. श्रेणिक महाराजांनी ज्या सामायिकाचा भाव विचारला, त्यात निम्मे भांडवल तिचे होते. पुणियाकडून एकट्याने ते विकणे व्यवहारानेही शक्य नव्हते.

आनंद आणि श्रद्धा यांविषयी बोलताना दुःखाला वगळून चालत नाही. आपल्या समाजात कवी बनारसीदास होऊन गेले. जन्म १५८६ चा, जौनपूरचा. श्रीमाळ जैन, व्यवसाय जवाहिराचा आणि कापडाचा, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर व्यापारात अयशस्वी. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आग्रा येथे 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही निम्मी कथा, म्हणून ते नाव. आग्र्यात पहिल्या खेपेला त्यांनी सारा माल घालविला. एका कचोरीवाल्याकडे सहा-सात महिने उधारीवर जेवले आणि हिशेब झाला तेव्हा चौदा रुपये निघाले. सासुरवाडीला खैराबादला गेले तेव्हा पत्नीने साठवून ठेवलेले वीस रुपये काढून दिले आणि आपल्या आईला गुपचूप सांगून आणखी दोनशे रुपये मिळवून दिले. त्यावर पुन्हा कापड घेऊन ते आग्र्याला गेले, आणि नेमका कापडाचा भाव उतरला! ज्यांनी दिवाळीसाठी भरलेला माल संक्रांतीपर्यंत कपाटात पाहिला आहे त्यांना हे दुःख समजेल.

ते दुःख थोडे. तीन विवाह झाले, नऊ मुले झाली, आणि नऊच्या नऊ त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. हे सारे त्यांनी लपविले नाही, रंगविलेही नाही. स्वतःचे गुण सांगितले तसे दोषही सांगितले. आणि हाच माणूस श्वेतांबर घरात जन्मून आचार्य कुंदकुंदांच्या समयसाराकडे वळला आणि १६३६ च्या सुमारास त्याचे 'समयसार नाटक' सिद्ध झाले. आत्म्याच्या शुद्ध स्वरूपावरील हा ग्रंथ अरण्यात बसून लिहिलेला नाही. उधारी, आजारपण, बाळंतपणे आणि बाळांच्या अंत्ययात्रा यांनी भरलेल्या घरात राहिलेल्या माणसाने तो लिहिला. मुलांच्या जाण्याला त्याने गोड अर्थ चिकटविला नाही. 'जे होते ते भल्यासाठीच' असे दुखवट्याला गेलेली मंडळी बोलून जातात. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला ते ऐकवू नये, हे बनारसीदासांकडून शिकण्याजोगे आहे.

येथवर सांगितलेली उदाहरणे दूरची झाली. अगदी जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कुंभोज म्हटले की बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती डोळ्यांपुढे येते. त्याच कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर त्यासाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला; त्या कारणाने त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या इतिहासातील हे पान सोयीचे नाही, पण ते फाडता येत नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्याला आले, तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. आज पाहावयाचे आहे ते त्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर.

ते सांभाळले लक्ष्मीबाईंनी. त्याही कुंभोजच्याच, सधन पाटील घराण्यात वाढलेल्या. अंगावर भरपूर सोने घेऊन सासरी आलेल्या या स्त्रीच्या वाट्याला संसार आला तो परक्या मुलांचा. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, कोणाकोणाची मुले. घरची आठवण येऊन रडणारी, तापाने फणफणलेली, खरजेने बेजार, भांडखोर, भुकेली. भाऊराव सतत फिरतीवर. आज या गावी, उद्या त्या गावी, लोकांकडून मूठमूठ धान्य आणि रुपया-आठ आणे गोळा करीत. अशा घरातली सकाळ कशी उजाडत असेल, हे ज्यांनी नुसता दहा माणसांचा स्वयंपाक रोज केला आहे त्यांना सांगावे लागत नाही. ज्यांनी केलेला नाही त्यांना सांगून कळत नाही.

एकदा भाऊराव बाहेरगावी असताना वसतिगृहातले धान्य संपले. तोवर दागिने एकेक करून गेलेलेच होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे आणि भाषणात सांगितली की डोळे पाणावतात. तिचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण मंगळसूत्र देण्याचा दिवस एक होता. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे रोजचे दळण होते, रोजच्या भाकऱ्या होत्या, आजारी पोराच्या उशाशी घालवलेल्या रात्री होत्या. मंगळसूत्राची कथा सांगितली जाते कारण ती सांगता येते. भाकऱ्यांची कथा होत नाही.

परिग्रहाचे परिमाण गुरूंसमोर हात जोडून केले जाते. लक्ष्मीबाईंचे परिमाण कोठीतल्या रिकाम्या डब्याने केले. अतिथिसंविभागात अतिथी एखादा येतो. त्यांच्याकडे तो बोचके घेऊन राहावयासच आला. ज्या मुलाच्या सावलीचा त्या काळी विटाळ मानीत, त्याच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने वाढले. याला कोणी समाजकार्य म्हणेल. जैन परिभाषेत याला वात्सल्य म्हणतात, आणि ते सम्यक्त्वाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊराव त्यानंतर एकोणतीस वर्षे जगले, १९५९ साली पद्मभूषण झाले, संस्थेचा वटवृक्ष सर्वदूर पसरला. त्यातले फार थोडे लक्ष्मीबाईंना पाहता आले. त्यांनी पाहिली ती जेवून उठलेली मुले.

त्या मुलांच्या पंगतीकडे पाहताना त्यांच्या मनाला जे वाटले असेल, त्यालाच या व्याख्यानात आनंद म्हटले आहे. हसण्याखिदळण्याचा आनंद निराळा. तोही घरात हवा, आणि मुले असली की तो मागावा लागत नाही. पण थकलेल्या शरीराला आपले काम कोणाच्या तरी पोटी लागले हे कळणे, आणि उद्या धान्य कोठून येईल हे ठाऊक नसताना पहाटे पुन्हा जाते ओढणे, यांत आनंद कोणता आणि श्रद्धा कोणती हे वेगळे करून दाखविणे अवघड आहे.

आता पुन्हा आजोबांच्या आठीकडे यावयास हवे, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. अठ्ठेचाळीस मिनिटे आजोबा शांत बसू शकले ते का? रडणारे पोर कोणीतरी उचलले म्हणून. पाणी कोणीतरी गाळले म्हणून. रिक्षावाल्याला कोणीतरी थांबविले म्हणून. आजोबांच्या सामायिकाच्या जमेला जी रक्कम दिसते, ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलेली असते, आणि ते नाव बहुतेक वेळा सुनेचे असते. तिला विचारावे की तिचे शेवटचे सामायिक कधी झाले. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करण्याचा नियम घरातले पुरुष घेतात. रोज दुसरे काय करावे हा विचार तिने करावयाचा. चौविहाराचा नियम सासरे घेतात. दुकानात गिऱ्हाईक सूर्य पाहून येत नाही, तेव्हा दुकानात डबा वेळेवर पोहोचविण्याची धावपळ तिची. अठ्ठाई करणाऱ्याची मिरवणूक निघते, सत्कार होतो, ते योग्यच आहे. त्या आठ दिवसांत रात्री उठून तपस्व्याचे पाय चेपणारीला मिरवणुकीत जागा असते ती मागच्या रांगेत, पाण्याची पिशवी धरून.

येथे कोणी म्हणेल की काळ बदलला. सुना नोकरी करतात, मुलगे चहा करतात, मिक्सर आले, गॅस आला. काही घरांत बदलला आहे आणि त्या घरांचे अभिनंदन. काही घरांत मात्र मिक्सर आला तेवढाच.

क्षमापनेचेही असेच आहे. संवत्सरीच्या दिवशी पूर्वी पोस्टकार्डे जात, मग छापील कार्डे, आता मोबाईलवरून एका बोटाने तीनशे जणांना 'मिच्छामि दुक्कडम्' पोहोचते. पुण्याच्या मेहुण्याला, मुंबईच्या आडत्याला, बेळगावच्या व्याह्यांना. पण ज्यांच्याशी तीनशे पासष्ट दिवस भांडण, रुसवा, टोमणे झाले ती माणसे त्याच छपराखाली असतात आणि त्यांच्यापर्यंत तो संदेश बहुधा जात नाही. दूरच्या माणसाची क्षमा मागणे सोपे, कारण त्याचा अपराध करण्याची संधीच आपल्याला मिळालेली नसते. गौतमस्वामी चालत गेले होते. सासऱ्यांना स्वयंपाकघरापर्यंत जायचे आहे. अंतर पंधरा पावले.

काही घरांतून एक चांगली पद्धत पडत आहे. घरातल्या प्रत्येकाने, आजोबांपासून दहावीतल्या मुलापर्यंत, आठवड्यात एक वेळ अशी ठरवून घ्यायची की त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत घरातल्या गृहिणीचे सामायिक होईल आणि घराचा गलबला तो सांभाळील. पोर रडले तर तो उचलील, दूध उतू गेले तर तो पुसील, दारावर कोणी आले तर तो बोलेल. प्रारंभी दूध उतू जाते. आजोबांना गॅसचे बटण कोणत्या बाजूला फिरते हे समजावयास दोन आठवडे लागतात. पण त्यानंतर एक फरक दिसतो. स्वतः सामायिकात बसले असता पोर रडले तर आजोबांच्या कपाळाला पूर्वीइतकी आठी पडत नाही. कारण ते रडणे आता त्यांच्या ओळखीचे असते, आणि आत कोण धावत आहे हेही त्यांना ठाऊक असते.

वेळ बराच झाला. सूर्यास्तापूर्वी सर्वांची भोजने आटोपायची आहेत. विश्वस्त मंडळाने असे ठरविले आहे की आज पहिली पंगत भगिनींची बसेल आणि वाढप पुरुष मंडळी करतील. ताटे, वाट्या आणि पाण्याची पिंपे मंडपाच्या मागील बाजूस आहेत. वाढप्यांना एखादी वस्तू सापडली नाही तर त्यांनी जेवणाऱ्या भगिनींना हाक मारू नये, शोधावी. भोजनानंतर ज्या भगिनींना सामायिक करावयाचे असेल त्यांच्यासाठी वरच्या सभागृहात आसने मांडलेली आहेत. त्या वेळी लहान मुले खाली पुरुषांजवळ राहतील. रडली तरी खालीच राहतील.

जय जिनेंद्र.